बॅच सात, रिवण

एप्रिलअखेर भिरांडं पिकतात
आणि माझं काम सुरू होतं.
साली सोडवायच्या, बिया वेगळ्या,
पत्र्यावर उन्हात टाकायचं. इथवर सगळं
आईच्या सोलांसारखंच.
पुढे मद्यार्क, गाळणकागद, फिरता चंबू,
आणि दहाव्या दिवशी काचेच्या तळाशी
चिमूटभर पिवळं काहीतरी,
नाव हातभर लांब, वजन बारा मिलिग्रॅम.

ते बर्फाच्या डब्यात घालून
मी ताळगावच्या पठारावरून बांबोळीला जाते.
शेवटचा पेशंट उठला की सगुण वेर्लेकर
मला यंत्राची सतरा मिनिटं देतो.
छातीवरचा बिल्ला चाचपतो, जाड दार ओढून घेतो,
आणि आत माझ्या बशांवर
काही पडत नाही असं काहीतरी पडत राहतं.
बाहेर आम्ही पाळणाघराच्या फीबद्दल बोलतो.

आत पाणी फुटतं.
फुटलेल्या तुकड्याला एकटं राहवत नाही,
हाताला लागेल त्याला तो धरतो,
आणि पेशीत हाताशी असतं ते
आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं लिखाण.
पिवळा कण मधे येऊन म्हणतो,
मला धर.
एवढंच. बाकी शोधनिबंधाची भाषा.

बशीत हे जमतं.
शंभरात चाळीस वाचायच्या, तिथे साठ वाचतात.
बशी म्हणजे माणूस नव्हे
हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय,
माझ्याचसाठी.

कोंसेसांव तिथल्याच बाकावर भेटली.
मानेवर जांभळ्या शाईची फुली,
पस्तिसातले सव्वीस शेक झालेले,
तोंड आतून सोललेलं.
माझ्या बोटांचे लाल डाग बघून म्हणाली,
"भिरांड गो?"
मी सांगितलं, जमेल तेवढं, कशासाठी ते.
ती हसली. हसताना दुखलं तिला.
"म्हाका मातशें दी."

नाही दिलं.
कारणं होती: समिती, मात्रा, सही.
आणि एक, जे बाकावर बसून बोलता येईना.
ढालीला माणसं ओळखता येत नाहीत.
गळ्यातली गाठसुद्धा तुझ्याच मांसाची, बाय,
तीही म्हणेल, मधे उभी राहा माझ्या.
मी एवढंच म्हटलं, अजून औषध झालेलं नाही.

औषध कोण मागतंय, ती म्हणाली.
आंबट मागतेय.
तीन आठवडे भात, पेज, पाणी,
सगळं खडूसारखं लागतंय.

(आंबट लागलं असतं तर तोंड पेटलं असतं.
तिला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.)

सोमवारी ती सगुणकडे गोणपाटाची पिशवी ठेवून गेली.
रिवणच्या परसातली भिरांडं, भावाने पाडलेली.
वाटेत काही चिरडली,
सगुणच्या टेबलावर लाल गोल उठला
आणि तो तीन दिवस पुसत बसला.
चिठ्ठी नव्हती.
मी नोंदवलं: बॅच सात. रिवण. झाड अंदाजे चाळीस वर्षांचं.
झाड कुणाचं, याला रकाना नसतो.

दर खेपेला एका बशीत मी काहीच घालत नाही.
तिलाही तेवढेच किरण, तीच सतरा मिनिटं.
ती नसेल तर उरलेल्या बशांतून
काही कळणारच नाही.
हिने काय घोडं मारलंय, सगुण विचारतो.
तुलनेसाठी, मी म्हणते.
त्या दिवशी झाकणावर क्रमांक घालायला
खिशातलं पेन काढलं,
तर ते त्याच्या टेबलावरून चुकून उचललेलं,
जांभळ्या शाईचं.

बॅच सातचे आकडे जूनमध्ये आले.
बरे आहेत. छापण्याइतके नाहीत.
एक वाळकी साल मी खणात ठेवलीय, वजन न करता.
शेक संपले की काही महिन्यांत
जिभेला चव परतते, असं सगुण सांगतो.

कुणाकुणाला.